कोल्हापूरहून गुलमर्गला स्कीइंग: या चुका टाळा

स्कीइंगच्या सहलीत सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो तो बुटांपायी. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी ठणकत असते, बोटं बधिर असतात आणि सहा दिवसांचे पैसे भरलेला माणूस हॉटेलच्या खोलीत बसून राहतो. बर्फ, थंडी, उंची हे सगळं नंतर येतं. म्हणून सुरुवात बुटापासून.

बूट: रोजचा नंबर सांगू नका

भाड्याच्या दुकानात आपण चपलेचा नंबर सांगतो, बूट घालून चार पावलं चालतो आणि टोचलं की एक नंबर मोठा मागतो. इथंच घोळ होतो. स्कीचा बूट चालायसाठी नसतो. पाय वळला की स्की वळावी, यासाठी तो असतो. आत पाय सरकत असेल तर पाय वळतो आणि स्की सरळ जाते.

या बुटांचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. घरीच भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा आणि सगळ्यांत लांब बोटापर्यंत माप घ्या. दोन्ही पायांचं घ्या, सारखं क्वचितच असतं. दुकानात आतला मऊ बूट बाहेर काढून नुसत्या कडक कवचात पाय घाला. बोटं पुढं टेकलेली असताना टाचेमागं दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटांची जागा राहिली पाहिजे. त्याहून जास्त असेल तर बूट मोठा आहे. पूर्ण बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढं अलगद टेकतात आणि गुडघे वाकवले की मागं सरकतात. हे माप बरोबर. टेकतायत म्हणून बूट बदलायला जाऊ नका.

बकल लावायच्या आधी टाच दोनतीनदा जमिनीवर आपटून पूर्ण मागं बसवा. मग घोट्याजवळचं बकल, त्यानंतर वरची, आणि पंजावरची नुसती अडकवण्यापुरती. पंजावरची आवळली की रक्त अडतं आणि बोटं गार पडतात. लोकांना वाटतं मोजा पातळ पडला, म्हणून ते दुसरा मोजा चढवतात आणि पाय आणखी गार पडतो. मोजा एकच, लोकरीचा किंवा सिंथेटिक, गुडघ्याखालपर्यंत लांब. थर्मल पायजम्याची कड बुटात घालायची नाही. तिची एक चुणीसुद्धा दिवसभरात नडगीवर वळ उठवते.

संध्याकाळी आतला बूट काढून वाळवा, पण बुखारीला, म्हणजे खोली गरम करणाऱ्या काश्मिरी शेगडीला, टेकवून नाही.

बाइंडिंग आणि वजनाची लाजलज्जा

बूट स्कीला धरून ठेवणारी जोडणी म्हणजे बाइंडिंग. पडल्यावर ती सुटली पाहिजे, नाहीतर लांब स्की पाय पिळते आणि गुडघ्याचे लिगामेंट जातात. ती किती जोरावर सुटणार, हे तिच्यावरच्या आकड्यानं ठरतं. तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची तयारी पाहून लावतात. म्हणून वजन खरं सांगा, आणि ‘थोडंफार येतं’ असं म्हणू नका. आधीच्या गिऱ्हाईकाचा आकडा तसाच राहिलेला असू शकतो. पुढं आणि मागं, दोन्ही स्कींवर तो सारखा आहे का, हे स्वतः वाकून बघा.

बूट पुन्हापुन्हा बसत नसेल तर दहापैकी नऊ वेळा तळाला बर्फ चिकटलेला असतो. काठीनं खरवडून काढा, आधी पंजा अडकवा, मग टाच दाबा. उतारावर स्की घालताना ती उताराला आडवी ठेवा आणि खालच्या बाजूची आधी घाला.

नवशिक्यानं हनुवटीपर्यंतचीच स्की घ्यावी. लांब स्की वेगात स्थिर असते, पण पहिल्या दिवशी वेग कुणाला हवाय?

मागं झुकणं

उतार दिसला की अंग आपोआप मागं जातं. ही सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत स्वाभाविक चूक. वजन टाचेवर गेलं की स्कीची टोकं हलकी होतात, वळत नाहीत, आणि वेग वाढतच जातो. तालमीत पवित्रा घेतात तसं उभं राहा: गुडघे वाकलेले, छाती किंचित पुढं, हात समोर दिसतील असे. नडगी बुटाच्या जिभेला सतत दाबलेली हवी. तो दाब सुटला की समजा, मागं झुकलात.

थांबण्यासाठी स्कीची पुढची टोकं जवळ आणि शेपट्या, म्हणजे मागची टोकं, लांब. हा नांगराचा आकार. थांबत नसेल तर टाचा दाबू नका. शेपट्या आणखी फाकवा आणि स्कीच्या आतल्या कडांवर वजन द्या. टोकं एकमेकांवर चढत असतील तर ती फार जवळ आणली आहेत, चारेक इंचांची फट ठेवा. पडणार असं वाटलं की बाजूला पडा आणि घसरत असताना उठायची घाई करू नका. काठीच्या पट्ट्यात हात अडकवून पडलं की अंगठा दुखावतो, म्हणून शिकताना पट्टे मोकळे ठेवलेले बरे.

छोट्या उतारांवरच्या ओढून नेणाऱ्या लिफ्टवर बसायचं नसतं. दांड्याला टेकून उभं राहायचं, स्की सरळ ठेवायच्या. बसलात की पडलात.

निदान तीन दिवस प्रशिक्षकाकडून शिका. गुलमर्गमध्ये केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे, तिचे अभ्यासक्रम आधीच बघून ठेवा. अंगाची तयारी मात्र कोल्हापुरातच व्हायला हवी. रंकाळ्याभोवतीचं चालणं दमासाठी चांगलं, पण स्कीला लागते ती उतरताना मांडीवर पडणाऱ्या भाराची सवय. जोतिबाच्या डोंगरावर पायी चढून पायीच उतरा, आठवड्यातून दोनदा, दीड-दोन महिने. सोबत बैठका.

कपडे

जीन्स नको. ओली झाली की वाळत नाही आणि दिवसभर अंगाची ऊब खाते. गगनबावड्याच्या पावसातला प्लास्टिकचा रेनकोटही नको, आतला घाम बाहेर जात नाही आणि थांबलं की तोच घाम गारठवतो. अंगालगत सिंथेटिक किंवा लोकरीचं थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट आणि पँट. हातमोजे दोन जोड. गॉगल कपाळावर चढवू नका, डोक्याची वाफ काचेवर बसते. नवा बर्फ ऊन परत फेकतो, त्यामुळं नाकाच्या खालची बाजू आणि हनुवटीसुद्धा भाजते. सनस्क्रीन तिथंही लावा. खिशात गूळ-शेंगदाणे ठेवा आणि तहान लागली नाही तरी पाणी प्या.

उंची आणि तारखा

कोल्हापूर साधारण 550 मीटरवर, श्रीनगर सुमारे 1,585, गुलमर्ग 2,650. गंडोलाचा, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला 3,000 मीटरच्या वर सोडतो, दुसरा अफरवाट डोंगराच्या खांद्यावर 3,900 च्या वर. मुंबईहून विमानानं आलेल्या माणसानं दुसऱ्याच दिवशी दुसरा टप्पा गाठणं म्हणजे डोकेदुखी ओढवून घेणं. एक रात्र श्रीनगरला, दोन दिवस खालच्या उतारावर, मग वर. डोकं दुखत असताना मळमळ आणि तोल जाणं सुरू झालं तर औषध शोधत बसू नका, लगेच खाली उतरा. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटा.

दुसऱ्या टप्प्यावरचे उतार नवशिक्यांसाठी नाहीतच. आखलेल्या वाटेबाहेर हिमस्खलनाचा धोका खरा आहे, 2024 च्या फेब्रुवारीत तिथं एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं यंत्र, फावडं, बर्फात खुपसून बघायची लांब काठी आणि जाणता गाइड नसेल तर हद्दीच्या दोरीपलीकडं जाऊ नका.

नाताळची सुट्टी सोयीची म्हणून तीच तारीख घेतात. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरचे कडाक्याचे 40 दिवस, 21 डिसेंबरला नुकते सुरू झालेले असतात आणि बर्फ कमी असू शकतो. 2024 चा जानेवारीही जवळजवळ कोरडा गेला होता. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर बरं. गंडोलाची तिकिटं आधी ऑनलाइन काढा. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद होतो, म्हणून वरचं तिकीट सहलीच्या शेवटच्या दिवसावर टाकू नका. गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गपासून वर बर्फात चाकांना साखळ्या लागतात, गाडीवाल्याला आधी विचारा. बर्फ पडला की श्रीनगरची विमानं रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

जम्मू-काश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड हवं. विम्याच्या कागदात हिवाळी खेळ वगळलेले नाहीत ना, तेही वाचा.

खोलीत बुखारी किंवा गॅस हीटर असेल तर खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि झोपताना तो बंद करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

परत आल्यावर हातमोजे, गॉगल आणि जाकीट लगेच कपाटात टाकू नका. दोन दिवस सावलीत पूर्ण वाळवा. किंचित दमट राहिलं तरी आपल्या जून-जुलैच्या हवेत अस्तराला बुरशी धरते, आणि पुढच्या वर्षी गॉगल उघडाल तेव्हा आतल्या फोमचा भुगा हातात येतो.