शॉप फ्लोअरचा अनुभव घरबसल्या कामाला कसा लावायचा

पुण्याजवळचा खडकी-दापोडीपासून पिंपरी, भोसरी, आकुर्डीपर्यंतचा सगळा पट्टा कारखान्यांनी उभा केला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग गावोगावची माणसं इथे शिफ्टला येऊ लागली. पुढे आकुर्डीच्या बजाज कारखान्यातलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. तळेगावात जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये गाड्या बनवणं बंद केलं आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. काम या भागात परत येतं, पण ज्याचं गेलं त्याच्याच हाती ते परत येईल याची खात्री नसते. हा लेख अशांसाठी आहे: व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतलेले, ले-ऑफ झालेले, किंवा चाळिशीनंतर रोज चाकणला जाणं-येणं झेपत नाही असे.

अशा वेळी बरेच जण घरबसल्या डेटा एन्ट्रीच्या मागे लागतात. मला हे फार चुकीचं वाटतं. वीस वर्षं मशीनजवळ काढलेल्या माणसाने जे काम कुणीही आठवड्यात शिकेल त्यात उतरायचं, तेही सगळ्यात कमी दरात, याला काय अर्थ आहे? जे शॉप फ्लोअरवर, म्हणजे कारखान्यात मशीनजवळ, शिकलात तेच विका.

आधी कागद आठवा

एक वही घ्या. त्यात हुद्दा लिहू नका, हाताखालून कुठले कागद गेले ते लिहा. ‘क्यूसीत (क्वालिटी तपासणीत) होतो’ यावरून परक्या माणसाला काहीच कळत नाही. कंट्रोल प्लॅन (पार्ट बनताना काय, कधी, कसं तपासायचं याचा तक्ता) बनवला, पीपॅपची (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याच्या कागदांची) फाइल पूर्ण केली, एफएमईएच्या (काय बिघडू शकतं ते आधीच शोधण्याच्या) मीटिंगला बसलो, ग्राहकाच्या तक्रारीचा एट-डी (आठ पायऱ्यांचा) रिपोर्ट लिहिला, हे लगेच कळतं. सीएनसीवर (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर) असाल तर कुठल्या कंट्रोलरवर प्रोग्राम लिहिले, कुठलं मटेरियल कापलं ते लिहा. पर्चेसला असाल तर कास्टिंग, फोर्जिंग, प्लेटिंग यातलं काय घेत होतात आणि दर कसा काढत होतात ते लिहा.

मग त्यातलं कॉम्प्युटरवर होणारं वेगळं काढा. जुन्या ड्रॉइंगवरून थ्रीडी मॉडेल, कॅम प्रोग्रामिंग (मशीनचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर तयार करणं), क्वालिटीची कागदपत्रं, पार्टचं कॉस्टिंग, छोट्या वर्कशॉपचं टॅली आणि जीएसटी ही कामं घरातून होतात.

आणखी एक काम आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. परदेशातल्या छोट्या खरेदीदाराला भोसरीतून पार्ट हवे असतात, पण स्वतः येणं परवडत नाही. त्याच्या वतीने वेंडरकडे (पार्ट बनवून देणाऱ्याकडे) जाऊन माल तपासणारा, गेज लावून व्हिडिओवर दाखवणारा आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट पाठवणारा माणूस त्याला हवा असतो. हे काम पूर्ण घरबसल्या होत नाही, पण भोसरीच्या गल्ल्या पाठ असलेल्याला बेंगळुरूतला तरुणही इथे मागे टाकू शकत नाही.

ड्रॉइंग वाचण्यातला फरक

परदेशी काम घेणार असाल तर इथे सर्वात जास्त वेळ द्या. वस्तूचे समोरून, वरून, बाजूने दिसणारे व्ह्यू कागदावर मांडायच्या पद्धतीला प्रोजेक्शन म्हणतात. आपल्याकडे आणि युरोपात फर्स्ट अँगल प्रोजेक्शन चालतं, अमेरिकेत थर्ड अँगल. फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू समोरच्या व्ह्यूच्या खाली येतो, थर्ड अँगलमध्ये वर. बाजूच्या व्ह्यूचीही अशीच अदलाबदल होते. सवयीने वाचलं तर डावीकडचं होल उजवीकडे जातं आणि अख्खं मॉडेल आरशातल्यासारखं उलटं होतं. म्हणून टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीतलं) कापलेल्या शंकूचं चिन्ह आधी बघा. मापं इंचात आहेत की मिलिमीटरमध्ये तेही तिथेच दिसेल; एक इंच म्हणजे २५.४ मिमी. जीडीअँडटीची (आकार आणि जागा किती अचूक हवी ते सांगणारी) चिन्हं कच्ची असतील तर नवं सॉफ्टवेअर शिकण्याआधी ती पक्की करा.

नमुना स्वतः बनवा

जुन्या कंपनीचं ड्रॉइंग किंवा रिपोर्ट नमुना म्हणून कधीही दाखवू नका, नाव खोडूनसुद्धा नाही. ती मालमत्ता कंपनीची आहे, आणि ती दाखवणाऱ्यावर नवा ग्राहकही विश्वास ठेवणार नाही. घरातलीच वस्तू घ्या. जुन्या नळाचा स्पिंडल उघडा, व्हर्निअरने माप घ्या, थ्रेडचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) गेजने बघा, टॉलरन्ससह (मापात चालणाऱ्या कमी-जास्तीसह) ड्रॉइंग काढा, थ्रीडी मॉडेल करा आणि तो पार्ट बनवायचा असता तर कंट्रोल प्लॅन कसा असता तेही एका पानावर मांडा. असे दोन-तीन पार्ट झाले की बायोडेटापेक्षा तेच जास्त बोलतात.

सॉफ्टवेअर चोरीचं वापरू नका. फ्रीकॅड हे थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पैसे घेऊन केलेल्या कामालाही चालतं. काही नामवंत सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्त्या फक्त वैयक्तिक वापरासाठी असतात, तेव्हा अटी वाचून घ्या.

पहिलं काम जवळच शोधा

लिंक्डइनवर प्रोफाइल करा, अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या वेबसाइटवरही करा, पण पहिला ग्राहक बहुधा ओळखीतूनच मिळतो. जुन्या वेंडरना फोन लावा. आठ-दहा कामगारांच्या वर्कशॉपला पूर्णवेळ क्वालिटी इंजिनिअर परवडत नाही, पण मोठ्या कंपनीने पीपॅप मागितला की त्यांची धावपळ होते. तिथे तुमचं काम आहे. ‘साहेब, नोकरी आहे का’ असं विचारू नका. ‘तुमचे पुढच्या ऑडिटचे कागद मी करून देतो, एका पार्टचे इतके घेईन’ असं सांगा.

वेळ, वीज, जागा

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. सेकंड शिफ्ट केलेल्याला हे जड नाही, मात्र घरच्यांशी आधी बोलून घ्या. जर्मनीची सकाळ आपल्या दुपारी येते. गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं असतात, तेव्हा त्या दिवशी कुणाला वेळ देऊ नका, किंवा इन्व्हर्टर आणि मोबाइलचं इंटरनेट तयार ठेवा.

पैशाचं

नव्या ग्राहकाकडून काही रक्कम आगाऊ घ्या आणि काय देणार, किती दुरुस्त्या करून देणार हे ईमेलवर लिहून घ्या. इथल्या कंपनीने टीडीएस कापला तर तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते बघा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. परदेशातून पैसे येऊ लागले की मात्र एकदा सीएकडे जा. बँकेकडून आवक रकमेचं प्रमाणपत्र दर वेळी मागून घ्या आणि बिलासोबत लावून ठेवा.

काम देण्याआधी नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागणारा, टेलिग्रामवर ‘टास्क’ देणारा, हे फसवे असतात. व्हीआरएसची रक्कम हातात असलेल्यांना ते नेमके गाठतात. पैसे गेलेच तर वाट बघत बसू नका, त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त.