झाडावरच्या दोरावर पाय लटपटतात? मग या चुका टाळा

रोप कोर्स, म्हणजे उंच झाडांमध्ये टांगलेल्या फळ्या-दोरांवरून एका मचाणावरून दुसऱ्या मचाणावर जायचा खेळ. त्यात आमच्यातला पैलवान मधल्या फळीवर अडकला, तेव्हा खाली आम्ही पाच जण हसत होतो.

पैलवान म्हणजे खराखुरा. लहानपण तालमीत गेलेलं, आजही सकाळी कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणारा, नव्वद किलोचा गडी. जमिनीपासून पंचवीस-तीस फुटांवर, दोन झाडांच्या मधोमध, टांगलेल्या फळीवर तो उभा होता आणि त्याचा पुढचा पाय काही केल्या उचलत नव्हता. खालून आमचं सुरू, "अरं भावा, हाल की!" "लाल मातीतला गडी न् फळीला भितोय व्हय?" सगळ्यांचे मोबाईल वर. शेवटी इन्स्ट्रक्टर चढला, त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलला आणि त्याला खाली घेऊन आला. परतताना गाडीत पैलवान गप्प. वाटेत मिसळ नको म्हणाला. कोल्हापुरात मिसळीला नको म्हटलं, की समजावं प्रकरण गंभीर आहे.

दोन महिन्यांनी तोच गडी त्याच जागी परत गेला आणि सगळा कोर्स करून उतरला. मधल्या काळात त्याची छाती काही वाढली नव्हती. पहिल्या वेळी त्याच्या आणि आमच्या मिळून ज्या चुका झाल्या होत्या, त्या तेवढ्या टाळल्या.

"मला काय नाय हुत" असं काउंटरवर म्हणणं

ही खास आपल्याकडची चूक. चार दोस्त सोबत असले की भीती वाटते म्हणायला जीभ रेटत नाही. मग ते सगळं वर गेल्यावर पायातून बाहेर येतं. हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना आवळायचे सुरक्षेचे पट्टे, बांधतानाच इन्स्ट्रक्टरला सरळ सांगा, मला उंचीचं भ्या वाटतं. त्याला रोज दहा जण हेच सांगतात. तो तुम्हाला रांगेत दुसरा किंवा तिसरा ठेवेल, आणि हे महत्त्वाचं आहे. शेवटचा माणूस सगळ्यांचे झोके बघत मचाणावर ताटकळतो. भीती चालताना जेवढी वाढत नाही, तेवढी थांबल्यावर वाढते.

बरं, ही भीती म्हणजे काही तुमच्यातला दोष नव्हे. अमेरिकेत गिब्सन आणि वॉक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी रांगत्या बाळांवर केलेला, १९६० मध्ये छापून आलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. जाड काचेखाली एका बाजूला खोल दरीसारखी रचना होती. पलीकडून आई बोलावत असूनही बहुतेक बाळं त्या खोल बाजूच्या काचेवर गेली नाहीत. पैलवान निदान अर्ध्यापर्यंत तरी गेला होता.

जमिनीजवळचा सराव फोटो काढण्यात घालवणं

सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. वर सोडण्याआधी साधारणपणे डोक्याएवढ्या उंचीवर एक छोटी वायर लावलेली असते. हार्नेसच्या दोराचा हुक वायरला कसा लावायचा, कसा काढायचा, ते तिथं दाखवतात. आम्ही तिथं काय केलं? हेल्मेट घालून सेल्फी.

त्या वायरवर खरं काम एकच असतं. हुक लावायचा, गुडघे सैल सोडायचे आणि सगळं वजन हार्नेसवर टाकून बसायचं. नुसतं वाकून बघायचं नाही, पाय जमिनीवरून उचलायचे. आधी मांडीचे पट्टे काचतात, वायर किंचित खाली येते, पट्ट्याचा कर्र आवाज होतो आणि पोटात गोळा येतो. मग काहीच होत नाही. तुम्ही लोंबकळत राहता. दुसऱ्यांदा बसलं की गोळा लहान झालेला असतो. दुसऱ्या खेपेला पैलवान तिथं दहा मिनिटं झोपाळ्यागत बसून होता. खाली आल्यावर म्हणाला, "दोर तुटत न्हाई हे डोस्क्याला ठावं हुतं, पर बुडाला ठावं नव्हतं." उंचीच्या भीतीवर मी याच्याहून नेमकं काही ऐकलेलं नाही.

बसताना हार्नेसही तपासला जातो. कमरेचा पट्टा कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वर हवा, खाली ओढला तर घसरता कामा नये. मांडीच्या पट्ट्यात पंजा सपाट सरकावा, पण मूठ मावू नये. पोट सुटलेलं असेल तर नुसत्या कमरेच्या हार्नेसवर भागवू नका, खांद्यावरून येणारा पूर्ण हार्नेस मागा. लाजू नका, कमरेचा पट्टा पोटाखाली घसरला तर माणूस उलटा होऊ शकतो.

"खाली बघू नकोस" हा सल्ला ऐकणं

अर्धा खरा, अर्धा घातक सल्ला. खाली बघितलं नाही तर पाय ठेवणार कुठं? मग माणूस आभाळाकडं बघतो नाहीतर डोळे मिटतो, आणि डोळे मिटले की तोल आणखी जातो.

खरी भानगड वेगळी आहे. आपण उभे असतो तेव्हाही शरीर सतत थोडं डुलत असतं. जवळच्या भिंती, खांब यांच्या आधारानं डोळ्यांना ते डुलणं कळतं आणि पाय ते सावरतात. उंचावर आजूबाजूचं सगळं लांब जातं. डुलणं डोळ्यांना दिसत नाही, सावरायला उशीर होतो आणि गरगरतं. त्यात पायाखालची फळीच हालती. पन्हाळ्यावर सज्जाकोठीत उभं राहून दरी बघताना ज्याला काही वाटत नाही, त्याचीही इथं दातखीळ बसते. तिथं पायाखाली दगड असतो.

म्हणून नजरेला जवळचं काहीतरी द्या. पाऊल टाकताना फक्त फळी बघा, फळीच्या पलीकडची जमीन नको. पाऊल पडलं की समोरच्या झाडाच्या बुंध्यावरची एखादी गाठ पकडा. परत फळी, परत गाठ.

वायर आवळून धरणं

हात तोलासाठी आहेत, वजन हार्नेसचं. वायर जीव खाऊन आवळली की चार-पाच फळ्यांतच मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो, बोटं उघडत नाहीत, आणि मग खरंच पडणार असं वाटायला लागतं. मचाणावर पोचलात की हात खाली सोडून झटका.

पायांचंही तेच. शिवणयंत्रासारखा पाय थडथडायला लागला म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही चवड्यावर उभे असता आणि पोटरी ताणलेली असते. टाच खाली टेकवा, गुडघा सरळ करा, लांब श्वास सोडा. घ्यायचं नंतर बघू, आधी सोडा. घाबरलेला माणूस श्वास कोंडून उभा असतो आणि त्याला ते कळतही नाही.

गडबडीत दोन्ही हुक एकदम काढणं

इथं विनोद बंद. ज्या ठिकाणी हुक स्वतः बदलायचे असतात, तिथं प्रत्येकाला दोन हुक दिलेले असतात. एक काढायचा, पुढच्या वायरला लावायचा, 'टक' ऐकायचा, ओढून बघायचा. मगच दुसऱ्याला हात लावायचा. कितीही घाई असो, एक हुक कायम वायरला. काही ठिकाणी हुक शेवटपर्यंत निघतच नाही अशी सलग व्यवस्था असते. पहिल्यांदा जाणाऱ्यानं शक्यतो तशीच जागा शोधावी. हुक सुरक्षेच्याच वायरला लागलाय ना, हेही बघा. हाताला धरायच्या दोराला हुक लावून निर्धास्त झालेला माणूस मी डोळ्यांनी बघितलाय.

आणि इन्स्ट्रक्टर स्वतः हुक न लावता वर हिंडत असेल, तर पैसे परत मागा न् निघा.

दोस्तांनी खालून कालवा करणं

पाच जण पाच गोष्टी ओरडतात. "उडी मार", "डावा पाय", "मागं फिर", "एऽ इकडं बघ, फोटो!" वर अडकलेल्याला यातलं काहीच समजत नाही, फक्त सगळे आपल्याकडं बघतायत एवढं समजतं. दुसऱ्या वेळी आम्ही ठरवलं, बोलणार एकच. आमच्यातली मैत्रीण पुढं झाली. कोल्हापूरची पोरगी, त्यामुळं 'जाते' नाही, 'जातो'. "मी पुढं जातो, तू माझ्या पाठीकडं बघत ये," एवढंच म्हणाली. मधे कुठं तो थांबला तर ती पुढच्या मचाणावरून सांगायची, "उजवा पाय. फळी. हां." बाकीचे खाली चिडीचूप. चिडीचूप राहणं आम्हाला किती जड गेलं ते आमचं आम्हाला ठाऊक.

कुणी घसरून लोंबकळला तर हसत बसू नका. हार्नेसमध्ये न हालता बराच वेळ टांगून राहिलं की रक्त पायात साचतं आणि चक्कर येऊ शकते. त्याला पाय हालवत राहायला सांगा आणि इन्स्ट्रक्टरला लगेच हाक मारा.

बाकीच्या बारीकसारीक

कोल्हापुरी चप्पल घरी ठेवा, कितीही करकरीत असली तरी. टाचेला घट्ट बसणारे बूट हवेत. ओढणी, अंगठी, गळ्यातलं काढून ठेवा, केस बांधा, खिशात किल्ल्या नकोत. अत्तर, सेंट मारून जाऊ नका. आपल्याकडच्या रानात झाडावर आग्या मोहोळ असू शकतं, आणि मधमाश्या उठल्या तर तीस फुटांवरून पळायला जागा नसते.

भरपेट खाऊन चढू नका, पट्टा पोटावर येतो. उपाशीही नको. दोन केळी पुरतात, तांबडा-पांढरा नंतर.

पन्हाळा, आंबा घाट, राधानगरी या पट्ट्यात जूनपासून फळ्या शेवाळतात. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर सकाळचीच वेळ घ्या, दुपारनंतर वळीव गाठतो. ढग गडगडले की झाड आणि लोखंडी वायर या दोन्हींपासून लांब, मग तिकीट वाया गेलं तरी चालेल. हृदयाचा त्रास, फिट येणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण यातलं काही असेल तर खालूनच बघा. वजनाची मर्यादा जागेगणिक वेगळी असते, ती फोनवरच विचारून घ्या.

शेवटी झिपलाइन, म्हणजे चाकाला लटकून वायरवरून घसरत जायचं, असेल तर तिथंही उडी मारायची नसते. मचाणाच्या कडेला यायचं, हार्नेसमध्ये बसायचं आणि पाय उचलायचे, छोट्या वायरवर केलं होतं अगदी तसंच. चाकाच्या पुढं वायरवर हात ठेवलात तर बोटं चाकाखाली जातील, म्हणून हात सांगतील तिथंच.

पैलवान त्या मधल्या फळीवर दुसऱ्या वेळीही थांबला. आम्ही खाली श्वास रोखून. त्यानं वायर सोडली, मुद्दाम हार्नेसमध्ये बसला, दोनदा पाय हालवले, उठला आणि पुढच्या फळीवर गेला. मोबाईल आम्ही सगळ्यांनी ठरवून गाडीत ठेवले होते. आता तो आम्हालाच शिव्या घालतो, की एवढं सगळं केलं आणि एकाकडंही त्याचा व्हिडिओ नाही.