चाळिशीनंतरचं वजन: कमी खाऊनही पोट उतरत नसेल तर या चुका टाळा

काट्यावर तीनच किलो वाढलेले असतात, पण ब्लाउजची शिवण दोनदा उसवून झालेली असते आणि निऱ्या खोचताना पोट आडवं येतं. पाळी पुढेमागे व्हायला लागली की घरोघरी हेच दिसतं. भारतात पाळी थांबण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे आणि बदल त्याच्या काही वर्षं आधीच सुरू होतात. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरलं की पूर्वी मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटात, आतड्यांभोवती साठू लागते. त्याच काळात दंड-मांड्यांचे स्नायू बारीक होतात आणि हाडं भराभर विरळ होतात.

‘वयामुळे मेटाबॉलिझमच मंदावलं’ असं सर्रास म्हटलं जातं. २०२१ साली अनेक देशांतल्या हजारो माणसांची मोजमापं एकत्र करून झालेल्या अभ्यासात मात्र, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या हिशेबात, विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जाखर्च जवळपास सारखाच निघाला. बदलतात ते स्नायू आणि दिवसभराची हालचाल. म्हणून या वयात वजन उतरवताना स्नायू गमावले तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. खालच्या बहुतेक चुका फिरून तिथेच येतात.

जेवण तोडायचं, पण प्रथिनांकडे बघायचं नाही

रात्रीचं जेवण बंद, दुपारी एकच पोळी, मध्ये नुसता चहा. पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन किलो उतरतात. त्यात पाणी बरंच असतं, थोडे स्नायूही असतात. तिसऱ्या आठवड्यात चक्कर, चिडचिड, संध्याकाळी सातला फरसाणाचा डबा. महिन्याभराने वजन परत येतं ते चरबीच्या रूपात, गेलेला स्नायू तसा परत येत नाही.

आपल्या नेहमीच्या दिवसाचा हिशेब मांडून बघा. दोन कप चहातल्या दुधातून ४-५ ग्रॅम प्रथिनं, बशीभर पोह्यांतून ५, तीन पोळ्यांतून १०, पातळ वरणाच्या वाटीतून ४, भाजीतून ३, रात्रीच्या आमटी-भातातून ८. बेरीज ३५च्या आसपास. ६५ किलो वजनाच्या बाईला वजन कमी करताना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६५ ते ७८ ग्रॅम लागतात. जवळपास निम्मी तूट!

ती भरून काढायला पावडरचा डबा आणायची गरज नाही. सकाळी ६० ग्रॅम मुगाच्या डाळीची दोन धिरडी केली की १४ ग्रॅम झाले (किंवा दोन अंडी, १२ ग्रॅम). दुपारी ४० ग्रॅम कोरड्या मटकीची घट्ट उसळ, एक मोठी वाटी दही आणि दोन फुलके मिळून साधारण २०. चार वाजता मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे आणि ताक, ७ ते ८. रात्री ७५ ग्रॅम पनीर किंवा २५ ग्रॅम कोरडे सोयाबीनचे गोळे, दोन्हींत १३च्या आसपास. मासे खाणाऱ्यांना १०० ग्रॅम बांगड्यातून १८-१९ मिळतात. सोबत एक भाकरी आणि डाळ दिसेल इतकी घट्ट आमटी. वरण पातळ करून वाटी भरली की ती प्रथिनांची वाटी होत नाही. एकदा तरी किचनच्या काट्यावर कोरडी डाळ मोजा, मग अंदाज बसतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

डाळी-उसळी एकदम वाढवल्या तर गॅस धरतो आणि मग ‘मला बाई हे सोसत नाही’ म्हणून सगळंच सुटतं. अर्ध्या वाटीपासून सुरू करा, मोड आणून नीट शिजवा, दर चार-पाच दिवसांनी थोडं वाढवा.

पोळी सोडली, भाकरी धरली

ज्वारीची भाकरी चांगलीच आहे. पण ६० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे २०० ते २१० कॅलरी आणि २५ ग्रॅम कणकेचा फुलका ८५. एक मोठी भाकरी म्हणजे अडीच फुलके. ‘फक्त दोन भाकऱ्या खाते’ म्हणजे पाच फुलके झाले. भाकरी लहान थापा, ४० ग्रॅमची, आणि मोजून घ्या.

तेल, आणि जे ताटात दिसत नाही ते

चौघांच्या घरात पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर माणशी रोज चाळीसेक मिली तेल पोटात जातं. नुसत्या तेलाच्या साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. बैठं काम असणाऱ्या बाईने दिवसाला चार चहाचे चमचे, म्हणजे २० मिली, एवढ्यात बसवावं. चौघांना महिन्याला अडीच लिटर. फोडणीत तेल पळीने घातलं जातं तिथेच गडबड होते. किटलीशेजारी ५ मिलीचा चमचा ठेवा आणि सकाळीच दिवसाचं तेल वाटीत काढा. वाटी संपली की त्या दिवसाचं तेल संपलं.

दाण्याचं कूट आणि सुकं खोबरं याच हिशेबात येतात. १० ग्रॅम कूट म्हणजे ५५-६० कॅलरी, आणि आपल्या अर्ध्या भाज्यांत ते हाताला येईल तसं पडतं. चार कप चहातली आठ चमचे साखर म्हणजे सव्वाशे ते दीडशे कॅलरी. पातेल्यात उरलेला भात, मुलांनी ताटात टाकलेली अर्धी पोळी, फुकट नको जायला म्हणून तोंडात टाकलेला शेवटचा लाडू: हे बायका मोजतच नाहीत, कारण ते ‘जेवण’ नसतं. उरलेलं डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. हा उपाय फार साधा वाटतो, पण चालतो.

आणि जिरंपाणी, ग्रीन टी, लिंबू-मध? यांनी चरबी वितळत नाही. आवडत असेल तर प्या. चमचाभर मधाच्या वीसेक कॅलरी धरा.

एकादशी, चतुर्थी, नवरात्र

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच आलेली नाही. ६० ग्रॅम साबुदाणा, २० ग्रॅम कूट, दोन चमचे तूप आणि थोडा बटाटा एवढ्या खिचडीत ४५० कॅलरी होतात आणि प्रथिनं जेमतेम ६ ग्रॅम, तीही कुटातून. उपास करायचाच असेल तर वरईचा भात वाटीभर, सोबत दही किंवा ताक, राजगिऱ्याची भाकरी, दूध, पनीर, फळ असा करा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर इथे खरा धोका आहे. काही औषधांनी उपाशीपोटी साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, छातीत धडधडतं, हात थरथरतात. या वयात पाळी जातानाच्या उष्णतेच्या लहरींतही घाम आणि धडधड असते, त्यामुळे ‘हे तर नेहमीचंच’ म्हणून दुर्लक्ष होतं. ग्लुकोमीटरवर बघा. आकडा ७०च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. उपासाच्या दिवशीचा डोस आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

फक्त चालायला जाणं

बागेत मैत्रिणींबरोबर रमतगमत पाऊण तास. मन प्रसन्न होतं आणि तेवढ्यासाठीही ते करावंच. पण ६५ किलोची बाई बऱ्यापैकी वेगाने पाऊण तास चालली तरी दीडशेच्या थोड्या वर कॅलरी खर्च होतात. परतताना एक वडापाव खाल्ला की हिशेब उलटा. वेग असा हवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्याला असं किमान १५० मिनिटं. दहा हजार पावलांचा आकडा जपानमधल्या १९६५च्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला आहे, तो वैद्यकीय नियम नाही. आज चार हजार होत असतील तर सहा हजारांचं बघा.

चालण्याने दंड-पाठीचे स्नायू टिकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनाही चालण्याव्यतिरिक्त आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. मांड्यांत जोर नसेल तर दहा वर्षांनी जमिनीवरून उठताना हाताला धरावं लागतं. जिमची भीती वाटत असेल तर घरी सोमवारी आणि गुरुवारी एवढं पुरे:

खुर्चीवर बसणं-उठणं. साधारण १८ इंच उंचीची, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर, पावलं खांद्याइतकी लांब. तीन आकडे मोजत खाली, टेकताच वर. धपकन बसणं आणि गुडघ्यावर हात रेटून उठणं या इथल्या नेहमीच्या चुका. गुडघे आत वळू लागले तर पावलांच्या बोटांच्या दिशेने राखा. दुखत असेल तर बसायला उशी घालून उंची वाढवा.

भिंतीवर पुश-अप. एक हात अंतरावर उभं राहून शरीर फळीसारखं सरळ. सोपं झालं की ओट्याच्या कडेवर हात ठेवून.

पिशवी ओढणं. कापडी पिशवीत ३ किलो तांदूळ, दुसरा हात टेबलावर, पाठ सपाट, कोपर कमरेकडे ओढायचं. कुबड काढून ओढलं तर कंबर धरते.

पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि ओट्याला धरून टाचा उचलणं.

प्रत्येकाचे ८ चे दोन फेरे, मध्ये मिनिट-दीड मिनिट विसावा. जोर लावताना श्वास सोडा. श्वास रोखून धरला की रक्तदाब चढतो. १२ चे तीन फेरे सलग दोन वेळा आरामात झाले की वजन वाढवा: बसताना-उठताना छातीशी दोन किलोची पिठाची पिशवी धरा. नेमकं इथेच बहुतेक जणी थांबतात. वर्षभर त्याच अर्ध्या लिटरच्या बाटल्या उचलतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणतात. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेलंच पाहिजे. ‘बायकांनी वजन उचललं की दंड पुरुषांसारखे होतात’ ही भीती बाजूला ठेवा. तेवढे स्नायू घडवणारं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आपल्या शरीरात तितकं नसतंच.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्यासारख्या वाटणं ठीक, दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यात कळ येणं किंवा सूज चढणं ठीक नाही. सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर फेरे निम्मे करा, पण सोडून देऊ नका. वजनाचा एक किलो उतरला की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

सूर्यनमस्कार चांगलेच, पण चाळीस ते साठ या वयात खांदा आखडण्याचा त्रास बायकांत, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांत, बराच दिसतो. हात वर जाताना कळ येत असेल तर रेटून २४ नमस्कार पूर्ण करू नका, आधी खांदा दाखवा.

उडी मारली की लघवीचे थेंब येतात म्हणून व्यायामच बंद

याबद्दल कुणी बोलत नाही, आणि कित्येकींचा व्यायाम इथेच सुटतो. बाळंतपणं आणि पाळी जाणं यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. वारा अडवून धरतो तसं आतल्या आत आवळा, पाच सेकंद धरा, पाच सेकंद पूर्ण सोडा. असं दहादा, दिवसातून तीनदा. नितंब आवळू नका, श्वास रोखू नका आणि लघवी करताना मध्येच अडवून सराव करू नका. फरक दिसायला तीन महिने लागतात. तोवर उड्यांऐवजी जिना. त्रास टिकला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना सांगा, यावर उपचार आहेत.

काटा हलतच नाही तेव्हा

रोज दोनदा काट्यावर उभं राहून रडकुंडीला येऊ नका. लोणचं-पापड, बद्धकोष्ठ, पाळीआधीचं पाणी, नव्याने सुरू केलेला व्यायाम, यांतल्या कशानेही दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं. आठवड्यातून तीनदा, सकाळी शौचानंतर, चहाआधी, सारख्याच कपड्यांत वजन घ्या आणि सरासरी काढा. शिवणकामाची टेप जास्त खरं बोलते: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, न आवळता. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा. महिन्यात वजन तेवढंच पण घेर दोन सेंटिमीटर कमी असेल तर काम बरोबर चाललं आहे. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त घटीची घाई नको.

चार आठवड्यांत दोन्ही हलले नाहीत तर आधी तेलाची वाटी आणि शनिवार-रविवार तपासा, मग झोप. उष्णतेच्या लहरींनी रात्री तीनदा जाग येत असेल तर दुसऱ्या दिवशी गोड खाण्याची ओढ वाढणारच. त्या लहरींवर उपचार मिळतात, सोसत बसू नका. त्यानंतर रक्ताच्या तपासण्या: टीएसएच (थायरॉइडची), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन, बी१२ आणि डी जीवनसत्त्व. पाळी जाताना रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन उतरतं, दम लागतो, आणि त्याला आळस समजलं जातं.

थायरॉइडची गोळी चालू असूनही टीएसएच जास्त येत असेल तर गोळी घेण्याची वेळ बघा. ती उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या ते एक तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. सगळ्या गोळ्या सकाळी एका घोटात घेतल्या तर थायरॉइडची नीट लागू पडत नाही. वजन कमी करणारी इंजेक्शनं स्वतःच्या मनाने किंवा ओळखीतून घेऊ नका. डॉक्टरांनी दिली तरी प्रथिनं आणि स्नायूंचा व्यायाम तेव्हा आणखीच गरजेचा, कारण भूक मेली की स्नायूही झडतात.

चालताना छातीत दाब आला, काही न करता वजन भराभर उतरू लागलं, किंवा पाळी थांबून वर्ष उलटल्यावर एकदा जरी रक्त दिसलं, अगदी डागाएवढं, तर व्यायाम-आहार बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा.