बीएच्या पोरांना कडक शिकवायचं पण घाबरवायचं नाही, ते कसं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बीएला इतिहास शिकवणाऱ्यांसाठी लिहितोय. पोरं टेन्शनमध्ये आहेत म्हणून पेपर सोपा करू नका, त्यांना नेमकं काय करायचंय तेच कळत नसतं आणि जीव त्यानंच घाबरतो.

वीस पानं देऊन "वाचून या" म्हणण्यापेक्षा एक पान द्या आणि वर्गातच वाचा. मी सीमाप्रश्न असाच घेतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, १९६६ ला महाजन आयोग नेमला, १९६७ ला अहवाल आला, एवढं फळ्यावर. मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावतो, डावीकडं कागदात काय लिहिलंय ते, उजवीकडं घरी आजोबा काय सांगतात ते. वर्गात मराठी घरातली पोरं असतात तशी कन्नड घरातलीपण, उजवी बाजू प्रत्येकाची वेगळी आणि डावी सगळ्यांची एकच. आवाज चढतात, पण "कुठल्या ओळीत आहे दाखव बघू" म्हटलं की सगळे परत कागदात डोकं घालतात. आजोबांचं खोटं आहे असं मात्र चुकूनही म्हणू नका, तीपण साक्षच आहे, तिला प्रश्न वेगळे विचारायचे एवढंच.

भाषेचं तर फारच सांभाळायला लागतं. दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि आता उत्तरं इंग्लिशमध्ये. खानापूरकडची एक मुलगी कोरा कागद पुढं ठेवून बसलेली, विचारलं तर म्हणाली, "सर, कळलंय सगळं, पण लिहायला येईना झालंय." मराठीत सांग म्हटलं तर पाच मिनिटं न थांबता बोलली, तेच मुद्दे मराठीत लिहून घेतले आणि मग इंग्लिश करायला बसवलं. तेव्हापासून माझ्याकडं कच्चं कुठल्याही भाषेत चालतं, पक्क्यात मात्र पुराव्याशिवाय वाक्य दिसलं की मार्क कापतोच.

कच्च्याला मार्क देऊ नका, दोन शेरे लिहा आणि आठवड्याच्या आत परत करा. तारीख आधीच सांगा, वर दोन दिवसांची सवलत न मागता द्या, पावसाळ्यात जांबोटीकडच्या पोराची बस चुकली तर त्यानं तुमच्यापुढं रडायचं कशाला.

आणि एखादं पोर सारखं गैरहजर राहायला लागलं, गप्प गप्प झालं तर वर्गासमोर नको, बाजूला घेऊन विचारा. आपण डॉक्टर नव्हे, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आणि चोवीस तास. तो नंबर पहिल्याच तासाला सगळ्यांना वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावा, म्हणजे कुणा एकाकडं बोट जात नाही.