ज्युलियातून मॅटप्लॉटलिब वापरताना बॅकएंड कसा ठरवावा

ज्युलिया या प्रोग्रॅमिंग भाषेत पायप्लॉट पॅकेज घेऊन आलेख काढला तरी प्रत्यक्ष काम पायथनमधली आलेखांची लायब्ररी मॅटप्लॉटलिबच करते. मधला दुवा पायकॉल, म्हणजे ज्युलियातून पायथन चालवणारे पॅकेज. खिडकी उघडेल की नाही, फाइल कशी उमटेल, हे त्यामुळे दोन्ही भाषांच्या सेटिंगवर ठरते. आणि बॅकएंड, म्हणजे आलेख खिडकीत किंवा फाइलमध्ये उमटवणारा मॅटप्लॉटलिबचा भाग, निवडला जातो तो पॅकेज लोड होतानाच. नंतर कितीही खटपट केली तरी ती बहुतेक वाया जाते. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना नेहमीचे रोमन स्पेलिंग घ्या.)

आधी पायथन कोणते ते बघा. ‘टर्मिनलवर चालते, ज्युलियात चालत नाही’ या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा इथेच सापडते. पायकॉल लोड करून ‘पायकॉल डॉट पायप्रोग्रॅमनेम’ छापा. काही न सांगता इन्स्टॉल केले असेल तर विंडोज आणि मॅकवर ज्युलियाच्या खासगी कोंडा (पायथन आणि त्याची पॅकेजे टाकणारे साधन) फोल्डरमधले पायथन दिसेल, लिनक्सवर सहसा सिस्टिमचे. स्वतःचे पायथन जोडायचे तर असे करा:

१. ज्युलियातल्या ‘ईएनव्ही’मध्ये (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवायची जागा) ‘पायथन’ या कीला पूर्ण पाथ द्या. कीची सगळी अक्षरे मोठी. खासगी कोंडाच हवा असेल तर रिकामी स्ट्रिंग.
२. पॅकेज मॅनेजरमधून पायकॉल पुन्हा बिल्ड करा.
३. ज्युलिया बंद करून नव्याने उघडा. ही पायरी गाळली तर जुनेच पायथन चालू राहते.

विंडोजवर पाथमध्ये एकेरी बॅकस्लॅश चालत नाही. ‘सी’ ड्राइव्हच्या ‘यूझर्स’ फोल्डरचा पाथ तसाच चिकटवला की बॅकस्लॅश आणि मोठा ‘यू’ मिळून युनिकोड एस्केप समजला जातो आणि सिंटॅक्स एरर येते. बॅकस्लॅश दुहेरी करा किंवा स्ट्रिंगआधी ‘रॉ’ लावा.

आता बॅकएंड. पायथनच्या बाजूला तो सांगायच्या तीन जागा आहेत, पुढची आधीच्यावर मात करते: मॅटप्लॉटलिब-आरसी ही सेटिंगची फाइल, तिच्यावर एमपीएलबॅकएंड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, आणि सगळ्यांत वर कोडमधला ‘मॅटप्लॉटलिब डॉट यूज’. ज्युलियात यात पायकॉलच्या ‘पायजीयूआय’ची भर पडते: पायकॉल लोड करा, पायजीयूआयला अपूर्णविराम लावून ‘टीके’ किंवा ‘क्यूटी५’ (खिडक्या उघडणाऱ्या लायब्ररी) सांगा, आणि मगच पायप्लॉट लोड करा. क्रम उलटला की काही उपयोग नाही. शेवटी ‘गेट बॅकएंड’ विचारून खात्री करून घ्या, अंदाजावर राहू नका. लिनक्सवर टीके हवे असेल तर त्याचे पॅकेज वेगळे टाकावे लागते: डेबियन-उबुंटूवर पायथन३-टीके, फेडोरावर पायथन३-टीकिंटर.

सर्व्हरवर डिस्प्ले नसतो, तिथे एमपीएलबॅकएंडला ‘अ‍ॅग’ द्या. तो खिडकी उघडतच नाही, फक्त फाइल लिहितो. ही ओळ बॅश-आरसीत (टर्मिनल उघडताना दर वेळी वाचली जाणारी फाइल) मात्र टाकू नका. ज्या क्रॉन जॉबला (ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम) गरज आहे त्याच्याच स्क्रिप्टमध्ये राहू द्या. नाहीतर महिन्याभराने हाताने काम करताना खिडकी का उघडत नाही हे शोधत बसाल. ‘हेडलेस’ शब्द असलेली एरर आली तर समजा की खिडकीवाला बॅकएंड मागितला आहे आणि डिस्प्ले सापडलेला नाही. ज्युपिटरच्या पायथन नोटबुकमधून ज्युलियाची स्क्रिप्ट चालवली तर आणखी एक फजिती होते: पायथन कर्नल (नोटबुकमागे कोड चालवणारा प्रोग्रॅम) एमपीएलबॅकएंडमध्ये स्वतःच्या इनलाइन बॅकएंडचे नाव भरून ठेवतो आणि ज्युलियाला तेच वारशाने मिळते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ते नाव बदलून टाका.

खिडकी क्षणभर दिसून गायब होत असेल तर बॅकएंडला दोष देऊ नका. स्क्रिप्ट संपली, ज्युलिया बंद झाली, खिडकी गेली. ज्युलिया ‘डॅश आय’ लावून चालवा किंवा सरळ ‘सेव्हफिग’ने आलेख फाइलमध्ये साठवा.

लिनक्सवर ‘जीएलआयबीसीएक्सएक्स’ची अमुक आवृत्ती सापडत नाही, अशी एरर येते तेव्हा ज्युलियाने आपली जुनी सी++ लायब्ररी आधीच लोड केलेली असते आणि मॅटप्लॉटलिबचा भाग तिच्यापेक्षा नवी मागत असतो. ज्युलियाची आवृत्ती वाढवा, नाहीतर खासगी कोंडावर जा.

आलेखावर मराठी मजकूर लिहायचा असेल तर बॅकएंड कोणता याला खरे महत्त्व येते. मूळ फॉन्ट डेजाव्हू सॅन्स. त्यात देवनागरी नाही. म्हणून चौकोन उमटतात आणि ‘ग्लिफ २३२५’ (ग्लिफ म्हणजे अक्षराची आकृती) सापडत नाही अशी ताकीद येते. २३२५ हा ‘क’चा युनिकोड क्रमांक. फॉन्ट बदलला की चौकोन जातात, पण अ‍ॅगवर ‘किंमत’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे तुटतात. आजवरच्या बहुतेक आवृत्त्यांत अक्षरे एकेक करून मांडली जातात, जुळवली जात नाहीत. फॉन्ट बदलत राहून हा प्रश्न सुटणार नाही.

पीडीएफ हवी असेल तर ‘पीजीएफ’ बॅकएंड घ्या. तो मजकूर झीलाटेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमकडे सोपवतो आणि झीलाटेक देवनागरी नीट जुळवते. त्यासाठी सगळा बॅकएंड बदलायची गरज नाही: सेव्हफिगला ‘बॅकएंड’ हा आर्ग्युमेंट ‘पीजीएफ’ द्या, खिडकी टीकेवरच राहू द्या. हा आर्ग्युमेंट पायकॉलमधून जसाच्या तसा पलीकडे जातो. सोबत ‘पीजीएफ डॉट आरसीफॉन्ट्स’ फॉल्स करा आणि ‘पीजीएफ डॉट प्रिअँबल’मध्ये (झीलाटेकला आधी द्यायच्या सूचना) फॉन्टस्पेक हे फॉन्ट निवडायचे पॅकेज लोड करून, स्क्रिप्ट देवनागरी असे सांगून, ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हा फॉन्ट लावा. ‘सेटमेनफॉन्ट’ एकटा पुरत नाही, कारण मॅटप्लॉटलिब मूळात सॅन्स-सेरिफ मागते; ‘सेटसॅन्सफॉन्ट’ही लिहा. प्रिअँबलची स्ट्रिंग ज्युलियात ‘रॉ’ असू द्या, नाहीतर तिथेही बॅकस्लॅश आडवे येतील.

वेबपानासाठी एवढे करायला नको. ‘एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप’ला ‘नन’ द्या, अवतरणात. मजकूर मजकूर म्हणूनच फाइलमध्ये राहतो आणि वेलांटी जागेवर बसवायचे काम ब्राउझर करतो. फक्त वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसेल तर दुसरा लागतो आणि लेबलची रुंदी थोडी बदलते.