मोडलेलं मनगट आणि मोटार अपघाताचा दावा

मी सोलापुरात कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी करते. कंपन्यांच्या टी-शर्टवर, हॉस्पिटलांच्या युनिफॉर्मवर लोगो उठवून द्यायचे, एवढंच काम. जून २०२२ मध्ये माल पोचवून अक्कलकोट रोडनं परत येताना टेम्पोनं मागून स्कूटीला ठोकलं आणि माझं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लेट बसली, दाव्याचा निकाल २०२५ मध्ये लागला. तेव्हापासून ओळखीत कुणाला लागलं की फोन मला येतो. दर वेळी तेच ते सांगते, म्हणून एकदा लिहून काढलं. मी वकील नाही. कोर्टाच्या बाकावर बसून जे कळलं ते सांगतेय.

पहिली गोष्ट हॉस्पिटलच्या पहिल्या कागदाची. मला दाखल करताना दिराला कुणीतरी विचारलं, काय झालं? तो बिचारा घाबरलेला, म्हणाला, "वहिनी गाडीवरून पडल्या." तेच केसपेपरवर उतरलं. टेम्पोचा उल्लेखच नाही. पुढे विमा कंपनीच्या वकिलानं तो एक कागद हातात धरून मला अर्धा तास उभं केलं: तुम्ही स्वतःच घसरलात ना? तेव्हा पेशंट आत गेला की बाहेर थांबलेल्या माणसानं एवढं करायचं: कोणत्या गाडीनं, कुठून धडक दिली ते आणि गाडीचा नंबर केसपेपरवर लिहून घ्यायचा, आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची केस म्हणून हॉस्पिटल करतं ती) नोंद झाली का ते विचारायचं. खाजगी हॉस्पिटलातही ती होते. चूक दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. महिन्यानंतर कुणी दुरुस्त करत नाही, आणि केलं तरी संशय येतो.

दुसरा कागद पोलिसांचा. एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा. पंचनाम्यात गाड्या कुठे पडल्या होत्या, ब्रेकच्या खुणा कुठे, रस्ता किती रुंद, हे सगळं असतं, आणि चूक कुणाची हे बऱ्याचदा त्यावरूनच ठरतं. घरचं कुणी जाऊ शकत असेल तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा, दोन्ही गाड्यांच्या नंबरप्लेट दिसतील असे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला, म्हणजे मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, द्यायचा असतो. त्या अहवालालाच दावा म्हणून धरता येतं. पण त्यांच्या भरवशावर बसू नका. त्याच तारखेपासून दावा अपघातानंतर सहा महिन्यांत दाखल करायची अट कायद्यात आली आहे, तेव्हा कॅलेंडरवर पाचव्या महिन्याला लाल खूण करा.

समोरच्या गाडीचा विमा कुठल्या कंपनीचा, हे परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकला की दिसतं. विमाच नसेल तर दावा मालकावर चालतो, वसुली अवघड होते एवढंच. आणि गाडी धडक देऊन पळून गेली, सापडलीच नाही, तर 'हिट अँड रन' योजनेखाली गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या घरच्यांना २ लाख मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे होतो, कोर्टात नाही. मे २०२५ पासून अपघातानंतरच्या पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजनाही आहे. माझ्या वेळी ती नव्हती, नवऱ्यानं सोनं गहाण टाकलं होतं.

आता वकील. मी दवाखान्यात असतानाच एक माणूस पेढ्याचा पुडा घेऊन आला. "ताई, काही द्यायचं नाही, मिळाले की वीस टक्के." ऐकायला गोड लागतं. पण बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटाही मागता येत नाही. दवाखान्यात येणारा हा माणूस बहुतेक वेळा वकीलही नसतो, दलाल असतो. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकालतनाम्यावर सही करू नका. मी पेढे ठेवून घेतले आणि त्याला परत पाठवलं.

पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो. बाईला तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. फोन करायचा तर १५१००. मला हे उशिरा कळलं, तोवर मी माहेरच्या ओळखीनं वकील केलेल्या होत्या. त्यांनी फी हप्त्यानं घेतली, प्रत्येक पावती दिली. वकील चांगला की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ओळखते: पहिल्या भेटीत तो रक्कम सांगतो की तुमच्या कामाबद्दल विचारतो.

दावा कुठे लावायचा, याची धास्ती नको. अपघात पुण्याजवळ झाला आणि तुम्ही सोलापुरात राहता, तर सोलापुरात लावता येतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम कुठलं, हे मात्र समजून घ्या. १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही, गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले. १६६ खाली चूक सिद्ध करावी लागते, पण नुकसान जेवढं तेवढं मागता येतं. १६४ चे पैसे घेतले की १६६ चा दावा संपतो. हाड मोडलं की कायद्यात ती गंभीर दुखापतच, त्यामुळे "अडीच लाख लगेच घ्या" असा सल्ला देणारे भेटतील. काहींसाठी तो बरोबरही असतो. ज्याचा हात पुन्हा पूर्वीसारखा चालणार आहे त्यानं जरूर विचार करावा. माझा चालणार नव्हता.

माझ्या अपंगत्वाच्या दाखल्यावर आकडा होता १२ टक्के. विमा कंपनीचं म्हणणं असं की १२ टक्के हात गेला, तर १२ टक्के कमाई गेली. आणि त्यांच्या वकिलानं उलटतपासणीत विचारलंच, "शिवतं कोण? मशीन की तुम्ही?"

मशीनच शिवते की. बारा सुया, डिझाइन पंच करून (कॉम्प्युटरवर त्याची टाक्यांची फाईल करून) दिलं की ती आपली चालते. पण मशीनखाली कपडा जातो तो फ्रेमला ताणून. टी-शर्टचं कापड विणीचं, लवचीक. खाली बॅकिंग पेपर ठेवायचा, आतली रिंग बाहेरच्या रिंगमध्ये दाबायची, स्क्रू आवळायचा. कमी ताणलं तर लोगोभोवती चुण्या. जास्त ताणलं तर फ्रेम काढल्यावर कापड आकसतं आणि पुन्हा चुण्या. गोल लोगो लंबगोल होतो. हे सगळं उजव्या मनगटाच्या पिळावर आहे. मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते, लोगो छातीभर मोठा करू नका, डाव्या बाजूला तीन इंचात बसवा, कापडाच्या रंगाला जवळचा धागा घ्या, मग माणूस तो टी-शर्ट रविवारीही घालेल. नाहीतर महिनाभरात त्यानं गाडी पुसतील. पण लोगो जितका लहान, तितकं फ्रेमिंग अचूक लागतं. तीन इंचाचा लोगो जरा तिरका झाला की लांबूनही दिसतो. माझी सगळी बाजारातली पत त्या तीन इंचांवर होती.

मी हेच, असंच, शपथपत्रात लिहिलं. वकीलबाईंनी आधी साधारण भाषेत लिहिलं होतं, "अर्जदारास काम करणे कठीण जाते." मी ते खोडायला लावलं. शिवाय दोन टी-शर्ट कोर्टात दाखल केले, एकाच कंपनीची ऑर्डर, एक अपघाताआधीचा आणि एक नंतर मी स्वतः फ्रेम केलेला. न्यायाधीशांनी दोन्ही हातात घेऊन बघितले. मग कुणी मशीनचा प्रश्न काढला नाही.

सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात हेच सांगितलंय. डावा हात गेला तर शरीराचं अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास धरता येईल. पण तो माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, आणि सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. शरीर किती गेलं आणि धंदा किती गेला, ही दोन वेगळी गणितं आहेत. दाखला देणाऱ्या डॉक्टरांनाही आपलं काम काय ते सांगा आणि ते साक्षीला येतील का विचारा. नुसता दाखला फाईलला लावून ठेवला तर तो फार काही बोलत नाही.

दोन गणितांतला फरक बघा. माझं वय तेव्हा ३८, महिन्याची कमाई २० हजार धरली. वर्षाचे २ लाख ४० हजार. चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्याला पुढच्या वाढीसाठी ४० टक्के जोडतात, झाले ३ लाख ३६ हजार. वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणतात, तो गुणक; ३८ वयाला १५, म्हणजे ५० लाख ४० हजार. त्याचे १२ टक्के होतात ६,०४,८०० आणि ३० टक्के होतात १५,१२,०००. मला न्यायाधिकरणानं ३० धरले. जखमी माणूस जिवंत असतो, त्यामुळे मृत्यूच्या दाव्यात स्वतःच्या खर्चापोटी जी वजावट होते ती इथे होत नाही. कुणी केली तर विचारा.

यात सगळ्यात नाजूक आकडा २० हजारांचा. मी रिटर्न भरत नव्हते. कागद नसला की किमान वेतनाच्या आसपासचं काहीतरी धरलं जातं. मला वाचवलं डिलिव्हरी चलनांनी. कंपनीचं नाव, नग, दर, घेणाऱ्याची सही. दोन वर्षांची चलनं मी खोक्यात टाकून ठेवली होती, शिस्त म्हणून नव्हे, फेकायचा कंटाळा म्हणून. ती बँकेच्या पासबुकाशी जुळवली आणि एका गिऱ्हाइकाला साक्षीला बोलावलं. शिवाय अपघातानंतर फ्रेमिंगला मुलगा ठेवला, त्याचा पगार रजिस्टरला सहीनिशी. आधी माझ्याच हातानं होणाऱ्या कामाला आता पैसे मोजावे लागतात, याच्याहून साधा पुरावा नाही.

खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. औषधं, फिजिओथेरपीला जाणारी रिक्षा, घरी ठेवलेली बाई, खाण्यापिण्याचा जादा खर्च. मेडिक्लेम असेल तर मूळ बिलं ते ठेवून घेतात, म्हणून देण्याआधी शिक्का मारलेल्या प्रती करून घ्या. प्लेट काढायचं ऑपरेशन पुढे करायचं असेल तर डॉक्टरांकडून अंदाजपत्रक लिहून घ्या, पुढचा खर्चही मागता येतो. वेदना आणि आयुष्यातल्या गमावलेल्या गोष्टींसाठी वेगळी रक्कम असते. मला वेणी घालता येत नाही, हे सांगायला लाज वाटली होती. सांगा.

त्या दिवशी माझ्या मागे गठ्ठा धरून हेल्पर बसला होता. त्याला खरचटलं, नशीब. पण कामावर असताना रस्त्यावर असं लागलं तर कामगाराला मोटार वाहन कायदा किंवा कामगार भरपाईचा कायदा (नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय), दोन्हींतला एकच रस्ता निवडता येतो. तो म्हणत होता, "अक्का, दोन्हीकडे टाकू." तसं चालत नाही.

ड्रायव्हरवरची फौजदारी केस वेगळी चालते. तो सुटला म्हणून आपला दावा बुडत नाही, इथे पुराव्याचा काटा हलका असतो. त्या तारखांच्या मागे धावून दमू नका.

मधेच लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येईल. वाईटच असतो असं नाही, पैसे लवकर मिळतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून जाण्याआधी वरचं गणित स्वतः कागदावर मांडून, खालची मर्यादा घरात ठरवून जा. मला पाच लाख देऊ केले होते, मी उठून आले. तोवर सोनं सुटलं होतं म्हणून उठता आलं, हेही खरं.

निकालानंतर विमा कंपनीला ९० दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं, त्यामुळे लगेच मशीनची ऑर्डर देऊ नका. व्याज साधारण दावा दाखल केल्यापासून मिळतं. रकमेचा काही भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवायला सांगतं आणि बाकीचा तुमच्या स्वतःच्या खात्यात येतो. त्या खात्याचं चेकबुक, एटीएम कार्ड आणि सही केलेली पैसे काढायची स्लिप कुणाच्याही हातात द्यायची नाही, "कोर्टात लागतं" असं म्हणाला तरी. कोर्टात लागत नाही.