नाताळात पोरांना घेऊन युरोपला जायचंय? मग एकाच शहरात मुक्काम टाका

नाताळच्या सुट्टीत युरोप म्हटलं की पहिला मोह होतो तो नऊ दिवसांत चार-पाच देश उरकायचा. आम्हीही पहिल्या खेपेला तेच केलं, दर दोन दिवसांनी नवं शहर, आणि मुलांच्या लक्षात काय राहिलं तर ट्रेनमधल्या बॅगा आणि कुठल्यातरी प्लॅटफॉर्मवर हरवलेला डावा हातमोजा. म्हणून दुसऱ्यांदा निघताना ठरवूनच टाकलं, एकच शहर, एकच किचनवालं घर, आणि मधे एक दिवस बर्फात. शहर घेतलं ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना. पोरं तेव्हा पाच आणि दहा वर्षांची होती, खालचा सगळा हिशोब त्याच वयाचा आहे.

एकच शहर का, तर दिवसच नसतो हो! डिसेंबर अखेरीला व्हिएन्नात उजाडायला पावणेआठ होतात आणि चारला सूर्य गायब. त्यात दोन पोरांना थर्मल, स्वेटर, जाकीट, बूट, टोपी, मोजे चढवायला अर्धा तास जातो, आणि सगळं चढवून झालं की धाकट्याला शू लागते. हे गृहीतच धरा. अशा आठ तासांच्या दिवसात हॉटेल सोडा, ट्रेन पकडा, नवं हॉटेल शोधा एवढं केलं की झालीच रात्र.

व्हिसाचं आधी बघा. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण नाताळच्या तारखांच्या अपॉइंटमेंट भराभर संपतात म्हणून दिवाळीच्या आधीच उरकलेलं बरं. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे आमच्यासारखं एकाच ठिकाणी राहिलात तर हा घोळच नाही. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाला ४५, सहाच्या आतल्यांना माफ, शिवाय व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. बाराखालच्या मुलांचे अर्जासाठी बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रत्येकाचा निदान ३०,००० युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, मुलांच्या फॉर्मवर आईवडील दोघांच्या सह्या लागतात, आणि पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने हवी. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात त्यामुळे घोळ होतो तो नेमका तिथे, आजच कपाट उघडून बघा. अजून एक, १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे घ्यायची नवी पद्धत सुरू झालीये (बाराखालच्यांचा फक्त फोटो), आणि इमिग्रेशन तुम्ही शेंगेनमधे ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथेच होतं. म्हणून फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी फ्लाइट बदलणार असाल तर मधे दीड तास वगैरे ठेवू नका, चांगले तीन ठेवा.

कपड्यांत लोक पैसे नको तिथे घालवतात. जाडजूड जाकीट घेतात आणि आत कॉटनचा टीशर्ट! कॉटन घाम धरून ठेवतं आणि मग मूल आतून गार पडतं. अंगाला चिकटून थर्मल, वर फ्लीस, वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट, एवढे तीन थर पुरतात, कारण ट्रॅममधे, म्युझियममधे, दुकानात सगळीकडे हीटिंग असतं आणि आत गेल्या गेल्या सोलावं लागतं. पैसे घालायचेत तर बुटांवर घाला. वॉटरप्रूफ, चांगल्या ग्रिपचे, आणि जाड पायमोजा मावेल असे एक साइज मोठे. हातमोजे प्रत्येकी दोन जोड, आणि लहानग्याचे दोरीने जोडून दोरी जाकिटाच्या बाह्यांतून ओवून टाका. आमच्या आईची आयडिया, हसलो होतो तेव्हा. हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, म्हणून व्हॅसलीन आणि रात्री रेडिएटरवर एक ओला टॉवेल.

खाण्याचं सामान नेताना मात्र जपून. युरोपियन युनियनमधे बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, पनीर घरीच ठेवा. तान्ह्या बाळाच्या दूध पावडरीला सूट आहे, पण सीलबंद डब्यात आणि दोन किलोच्या आत. ताजा कढीपत्ता, मिरच्या पण नकोत. आम्ही नेलं ते मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, उपम्याची पाकिटं आणि मुगाची डाळ. दूध, दही, लोणी, तांदूळ तिथल्या सुपरमार्केटमधे मस्त मिळतं, सकाळी लोणी लावून थालीपीठ खाऊन निघालं की पोरं दोनपर्यंत शांत. पाणी विकत घ्यायची गरज नाही, १८७३ पासून डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी शहराला येतंय आणि नळाचंच प्यायचं. शाकाहारी असाल तर सूप मागवताना विचारा, दिसायला साधं असलं तरी बहुतेक वेळा बीफच्या पाण्यात केलेलं असतं.

नाताळबाजार मुलांना तासभरच आवडतो, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. भाजलेली चेस्टनट, बटाट्याचे घावनासारखे कार्टोफेलपुफर, आणि मुलांसाठी किंडरपुंश हे गरम पेय मागायचं, त्यात दारू नसते. पेयाच्या कपाचं डिपॉझिट घेतात, कप परत केला की पैसे परत. टाउनहॉलसमोरचा मोठा बाजार २६ डिसेंबरला आवरतो, शोनब्रुनच्या राजवाड्यापुढचा मात्र जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. महत्त्वाचं म्हणजे २४ च्या दुपारनंतर दुकानं बंद होतात ती २५, २६ दोन्ही दिवस, आणि रविवार जोडून आला तर तीन दिवस! हौप्टबानहोफसारख्या मोठ्या स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं, पण गर्दी म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशीची मंडई. २३ लाच दूध, ब्रेड, भाजी भरून ठेवा. मुलांची तापाची, उलटीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट घरूनच न्या.

दिवस कसा घालवायचा तर सकाळी बाहेर, दुपारी आत. शोनब्रुनचा प्राणिसंग्रहालय १७५२ चा, जगातला सगळ्यात जुना चालू असलेला, पण हिवाळ्यात साडेचारला बंद होतो म्हणून उघडता उघडता गाठा आणि बोटं गोठली की आतल्या रेनफॉरेस्टच्या उबदार घरात शिरा. नॅचरल हिस्ट्री म्युझियममधे हलणारा डायनासोर आहे, आमच्याकडे त्याच्यासाठी तीन चकरा झाल्या, आणि १९ च्या आतल्यांना फुकट असल्याने खिशाला काही नाही. ट्रॅम-मेट्रो सहाखालच्यांना कायम फुकट, आणि व्हिएन्नाच्या शाळांना सुट्टी असते तेव्हा पंधरा पूर्ण होईपर्यंतच्यांनाही, फक्त वयाचा पुरावा जवळ ठेवा.

पहिले दोन दिवस काही बुक करू नका. साडेचार तासांच्या फरकाने पोरं पहाटे तीनला टक्क जागी आणि संध्याकाळी सहाला ताटात डोकं.

आता बर्फ. व्हिएन्नात नाताळला बर्फ पडेलच असं अजिबात नाही, बहुतेकदा नुसता गारठा आणि करडं आभाळ. म्हणून एक दिवस सेमरिंगला जा, ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास, हजारेक मीटर उंचीवर. ती रेल्वेलाइनच १८५४ ची आहे, दगडी पूल आणि बोगदे, युनेस्कोच्या यादीत आहे, मुलांना खिडकी द्या. पहिल्याच दिवशी स्कीइंगच्या क्लासचा हट्ट नको, स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, भाड्याने घ्या, ते बसल्या जागी जमतं. निघायच्या आदल्या रात्री तिथल्या बर्फाची अवस्था ऑनलाइन बघून मगच ठरवा, तिकीट आधी काढून अडकू नका. आणि सॅकमधे प्रत्येकाचा एक जादा पायमोजे-पॅन्टचा सेट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आम्ही मुलांचे ठेवले, स्वतःचे विसरलो, आणि परतीच्या ट्रेनमधे मुलं कोरडी होऊन गाढ झोपलेली आणि आम्ही दोघं ओल्या जीन्समधे कुडकुडत थर्मासमधला शेवटचा कपभर चहा अर्धा अर्धा करत बसलेलो.